भाऊबीज, नागपूर ते अमरावती

दोन वर्षांनी आज बाबांना घेऊन आत्याकडे गेलो. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचा प्रवासच बंद झाला होता. समृद्धीने जाऊ म्हटलं, तर बाबा म्हणाले, "नाही, कोंढाळीवरूनच चल. एसटीने तिथूनच जायचो आम्ही."

वाडीची गर्दी सुटली की रस्ता मोकळाच. 150 किलोमीटर ते काय! कोंढाळीला आंबिया बहाराची संत्री घेतली, देठाला हिरवी पानं तशीच. बाबांनी गाडीतच एक सोललं, एकेक फोड शिरा काढून माझ्या हातावर ठेवत गेले. लहानपणी ठेवायचे अगदी तशी. कारंजा, तळेगाव कधी गेलं कळलं नाही. मोझरीला गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या समाधीला हात जोडले आणि निघालो.

आत्या फाटकातच उभी. "आला का रे भाऊ? दोन वर्षं वाट पाहून राह्यली मी!"

बाबांना खाली बसता येत नाही हे तिच्या लक्षात होतं. रांगोळीच्या मधोमध खुर्ची मांडली होती, आणि पाट पायाशी. ओवाळताना तिचा हात थरथरत होता, ताटातलं निरांजन हलत होतं. बाबांनी खालून ताटाला हात लावला. दोघंही काही बोलले नाहीत. मला मात्र तिथे उभं राहवेना, मी अंगणात गेलो.

येताना सांभारवडीचा स्टीलचा डबा दिलाय. मागच्या सीटवर ठेवतो म्हटलं, तर बाबांनी ऐकलं नाही. नागपूर येईपर्यंत मांडीवरच धरून बसले होते.