ब्रॉन्क्स नदीच्या काठाकाठाने

न्यूयॉर्कला गेलेला माणूस हडसन नदी बघतो. मला मात्र ब्रॉन्क्स नदी बघायची होती. जेमतेम ३७ किलोमीटरची ही नदी शहराच्या उत्तरेला उगम पावते आणि शहराच्या ब्रॉन्क्स या भागातून वाहत ईस्ट रिव्हरला मिळते. सहा नंबरच्या मेट्रोने व्हिटलॉक अव्हेन्यूला उतरलो. काँक्रीट प्लँट पार्क तिथून अगदी जवळ आहे.

इथे काँक्रीटचा कारखाना होता, तो १९८७मध्ये बंद पडला. जागा मोकळी झाली, तेव्हा ती बाग म्हणूनच मिळावी यासाठी वस्तीतले लोक झगडले. २००९मध्ये बाग झाली. जुने सायलो, म्हणजे माल साठवायच्या उंच टाक्या, पाडले नाहीत, रंगवून तसेच उभे ठेवलेत. शेजारच्या वाफ्यांमधली बेरीची फळं आणि औषधी झाडपाला कुणीही तोडून न्यावा. शहराच्या इतर बागांत याला बंदी आहे!

खरं तर नदी साफ करण्याचं काम सुरू झालं त्याच्या कितीतरी आधी, १९७४मध्ये. रूथ अँडरबर्ग नावाच्या बाईंनी पुढाकार घेतला आणि लोकांनी पात्रातून मोटारी, टायर, फ्रीज उपसून काढले. या कामासाठी २००१मध्ये ब्रॉन्क्स रिव्हर अलायन्स ही संस्था उभी राहिली. २००७मध्ये नदीत चक्क बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाण्यात बांध घालणारा प्राणी, दिसला, शहरात सुमारे २०० वर्षांनी! नदीसाठी निधी मिळवून देणारे तेव्हाचे खासदार होझे सेरानो यांच्यावरून त्याला होझे म्हणू लागले. हे वाचलं तेव्हापासून मला इथे यायचं होतं.

स्टारलाइट पार्क ओलांडून वर १८२व्या रस्त्यापाशी गेलो. तिथल्या जुन्या बंधाऱ्यावर माशांसाठी शिडी, म्हणजे वर चढून जायला पाण्याची वाट, बांधली आहे. एलवाइफ मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो, आणि बंधारा त्याची वाट अडवतो. मी बराच वेळ तिथे थांबलो. मासा एकही दिसला नाही, तरी त्या शिडीसाठी लोकांनी दाखवलेली चिकाटी मला फार मोठी वाटली.

काठ कितीही झाडला तरी नदीचं दुखणं दूरवर आहे. इथल्या बऱ्याच भागात मैला आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून जातं. जोराचा पाऊस झाला की गटार भरतं आणि सगळं नदीत सुटतं. म्हणून आता छपरावरचं, रस्त्यावरचं पाणी तिथल्या तिथे मुरवण्यावर भर आहे. मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्याचा फोटो निघत नाही, तरी लोक ते करतात.

तुम्ही गेलात तर उन्हाळ्यातला शनिवार निवडा. हंट्स पॉइंटला वस्तीतल्या मुलांनी स्वतः बांधलेल्या लाकडी होड्यांतून फुकट फिरता येतं.