मिरीची वही

शेल्टरच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: ‘पिल्लू रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात कोण घेऊन जाईल?’ बाकीचे प्रश्न मला अपेक्षित होते. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची परवानगी आहे का, घरातल्या सगळ्यांना कुत्रं चालणार आहे का, दिवसातले किती तास घराला कुलूप असतं. या एका प्रश्नापाशी मात्र मी थांबले. नवरा फिरतीच्या नोकरीत, मुलगी दहा वर्षांची. म्हणजे मीच. तिथे माझं नाव लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी रात्रभर उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना शोधून त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

फॉर्मनंतर शेल्टरच्या एक ताई घर बघायला आल्या. लोंबकळणाऱ्या वायरी, गॅलरीच्या गजांमधलं अंतर, कचऱ्याचा डबा, कुंडीतली झाडं, सगळं त्यांनी बारकाईने पाहिलं. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली च्युइंगम कुत्र्यांना विषारी असतात, हे त्यांनी मुलीकडून दोनदा म्हणून घेतलं. मला वेगळं बजावलं, ‘ताप आला, लंगडायला लागलं, तरी आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन द्यायची नाही. जीव जातो त्याने.’

पाच भावंडं होती, सगळी काळी. त्यांची आई सापडलेली नव्हती. आत जाण्याआधी हात धुवायला लावले आणि दुसऱ्या कुठल्याही पिंजऱ्यातल्या पिल्लाला हात लावायचा नाही असं निक्षून सांगितलं. तेव्हा मला तो शिस्तीचा भाग वाटला, त्यामागचं कारण आठवड्याभराने कळलं. मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली. दोन पिल्लं तिच्या बुटाच्या नाडीशी भांडत होती, एक कोपऱ्यात, एक झोपलेलं. पाचवं आलं, तिचा हात हुंगला आणि पायावर हनुवटी टेकवून बसून राहिलं. शेपटीचं टोक तेवढं पांढरं. गाडीत बसेपर्यंत तिचं नाव मिरी ठरलं होतं.

सोबत एक कार्ड मिळालं. वय अंदाजे आठ आठवडे, जंताचं औषध दोनदा दिलेलं, पहिली लस चार दिवसांपूर्वी. शिवाय तिथल्या वासाचं एक फडकं आणि ती तिथे खात होती त्याच खाण्याची पिशवी. खाणं बदलायचं असेल तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदला, एकदम बदललं की पोट बिघडतं, असं त्यांनी सांगितलं. आणि वाटीत दूध ओतायचं नाही. पिल्लू म्हटलं की आपला हात आपोआप दुधाकडे जातो, पण गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात.

‘लस झाली आहे’ हे वाक्य ऐकून मी निर्धास्त झाले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी ते नीट समजावलं. पिल्लाला पहिल्या दुधातून आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती काही आठवडे टिकते आणि टिकते तोवर लसीलाही काम करू देत नाही. कुठल्या पिल्लात ती कधी ओसरेल ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची आणि सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच थांबायचं. मधल्या काळात असे काही दिवस येतात की आईची ताकद विषाणूला अडवायला पुरत नाही, पण लसीला अडवायला पुरते. ‘ही फट प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला येते,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘तोवर तिला रस्त्यावर, बागेत, जिथे अनोळखी कुत्री येतात तिथे खाली ठेवायचं नाही.’

मग त्यांनी मला तपासायला शिकवलं, आणि या सगळ्या अनुभवातून पिल्लू आणणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची तर मी हीच सांगेन. ओठ वर करून हिरडी बघायची: गुलाबी आणि ओलसर हवी. त्यावर बोट दाबून सोडायचं: पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली की पटकन जागेवर बसायला हवी, हळूहळू बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. ताप गुदद्वारातून मोजायचा, 38.3 ते 39.2 सेल्सिअस हे कुत्र्याचं नॉर्मल. आपल्या हाताला ती कायम गरमच लागणार, त्यावरून काही ठरवायचं नाही. आणि रोज, एकाच वेळी, वजन. लहान पिल्लाचं वजन एखाद्या दिवशी स्थिर राहिलं तर लक्ष ठेवायचं, उतरलं तर फोन करायचा.

घरी येऊन मुलीने वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. खाणं, पाणी, शी, शू, हिरड्या, वजन. पहिली नोंद: 3 किलो 180 ग्रॅम.

पहिल्या रात्री मिरी रडली. खोक्यात ते शेल्टरचं फडकं घालून खोकं माझ्या पलंगाला लावून ठेवलं, हात आत सोडला, तेव्हा कुठे निजली. दर दोन-अडीच तासांनी उठून गॅलरीतल्या ट्रेवर न्यायचं. महिन्यांमध्ये वय, त्यात एक मिळवा, तितके तास पिल्लू शू धरू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांची म्हणजे फार तर तीन तास. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर ट्रेवर नेलं आणि तिथे केल्याबरोबर कौतुक केलं की शिकतात. चुकलं तर ओरडण्यात अर्थ नाही. ती फक्त आपल्यापासून लपून करायला शिकते.

तिसऱ्या दिवशी शीमध्ये जाड पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत पडले. मुलगी घाबरली, मीही. पण हे गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात उतरतात, त्यामुळे बहुतेक सगळ्या पिल्लांत असतातच. औषधाने मेलेले बाहेर पडत होते. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला औषध, असं ते चालतं. हे जंत माणसालाही बाधतात, लहान मुलांना जास्त. मात्र शीमधून पडलेली अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला दोन आठवडे तरी लागतात. म्हणून शी लगेच उचलायची आणि हात साबणाने धुवायचे, एवढं केलं तरी धोका पुष्कळ उतरतो.

पाचव्या दिवशी सकाळी मिरीने वाडग्यात चार घास तसेच ठेवले. खेळत होती, शी घट्ट होती, उलटी नाही. वहीत वजन लिहिलं तर आदल्या दिवसापेक्षा 70 ग्रॅम कमी. मी काटा पुसून पुन्हा ठेवलं. तेवढंच. दहाच्या सुमारास शेल्टरच्या ताईंचा फोन आला. आवाज जड होता. ‘तिच्या एका भावाला पार्व्हो निघालाय. मिरी कशी आहे?’

त्या बाईंनी तो फोन केला, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. पाचही घरांना त्यांनी तासाभरात कळवलं होतं.

पार्व्हो हा विषाणू 1978 मध्ये कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. शरीरात ज्या पेशी सतत नव्या तयार होत असतात त्यांच्यावर तो हल्ला करतो: आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. म्हणजे एकीकडे आतडं सोलवटतं, दुसरीकडे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच संपतात. संसर्ग झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेत दाखल झालेली बहुतेक वाचतात. या दोन वाक्यांमधलं अंतर कधी कधी एका दिवसाचं असतं.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिला एक उलटी झाली, पिवळसर फेस. मी गाडीतूनच फोन केला होता, त्यामुळे आम्हाला वेटिंगमध्ये न बसवता मागच्या दाराने वेगळ्या खोलीत नेलं. तुम्हालाही पार्व्होची शंका आली तर आत शिरण्याआधी फोन करा, बाहेर दुसरी पिल्लं बसलेली असतात. शीच्या नमुन्यावर पट्टीची चाचणी झाली. डॉक्टरांनी लसीची तारीख विचारली, कारण नुकतीच लस झाली असेल तर त्यामुळेही पट्टीवर फिकट रेघ येऊ शकते. मिरीची रेघ गडद होती. रक्तात पांढऱ्या पेशी उतरलेल्या होत्या.

पाच रात्री ती तिथे होती. विषाणूला थेट मारणारं औषध तिला देत नव्हते. शिरेतून सलाईन, उलटी थांबवायचं औषध आणि कमजोर आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी अँटिबायोटिक, असं चाललं होतं. पोट रिकामं ठेवायचं असेल असं मला वाटलं होतं, पण उलट, उलट्या आवरताच त्यांनी नळीने अगदी थोडं थोडं पातळ खाणं सुरू केलं. आतड्याला लवकर काम मिळालं की ते लवकर भरून येतं. दुसरी रात्र सगळ्यात वाईट. जुलाबात रक्त होतं. काचेपलीकडून मी पाहिलं तर पुढच्या पायाला पट्टी बांधलेली, आणि पट्टीवर कुणीतरी निळ्या पेनने छोटं हृदय काढलेलं. रात्रपाळीच्या मदतनीस मुलीने काढलं होतं. मी तिथेच उभी राहून रडले.

घरी असताना आम्ही साफसफाई केली, आणि ती अंदाजाने करून चालत नाही. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा सॅनिटायझर त्याच्यावर चालत नाही आणि घरातली बरीच नेहमीची जंतुनाशकंही पुरी पडत नाहीत. ब्लीच चालतं: तीस भाग पाण्यात एक भाग, आणि पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहायला हवा. त्याआधी साबणाने घाण काढायचीच, कारण घाणीवर ब्लीचची ताकद वाया जाते. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही. खोकं आणि शेल्टरचं फडकं टाकून द्यावं लागलं. खाली मातीत हा विषाणू वर्षभरही टिकू शकतो, म्हणून शेजारच्या कुत्रेवाल्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. सांगताना संकोच वाटला, पण त्यांच्या पिल्लाचा डोस राहिला होता, तो त्यांनी त्याच दिवशी घेतला. कुत्र्यांचा हा आजार माणसांना होत नाही, हेही सांगितलं, नाहीतर मुलीशी कुणी खेळलं नसतं.

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी मिरी घरी आली तेव्हा वहीत लिहिलं: 2 किलो 790. तिच्या भावंडांपैकी दोन वाचली नाहीत.

नंतरचे आठवडे शांत गेले. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं, मग चार, मग तीन. पार्व्होमधून वाचलेल्या पिल्लाला त्या आजाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण त्याच लसीतून ज्यांच्यापासून संरक्षण मिळतं ते डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) आणि यकृताचा संसर्ग वेगळे, त्यामुळे पुढचे डोस चुकवून चालणार नव्हते. ते अकराव्या, चौदाव्या आणि सतराव्या आठवड्यात झाले. चौदाव्यात रेबीजची लसही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळपास कुणी वाचत नाही, माणूस असो की कुत्रं, तेव्हा या लसीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आणि पुढच्या वर्षीच्या बूस्टरचीही.

या काळात एक वेगळीच काळजी होती. पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. त्यात घरात कोंडून ठेवलं तर ते पुढे माणसांना, आवाजांना भिणारं होऊ शकतं. तब्येत सावरल्यावर डॉक्टरांनी मधला मार्ग सांगितला: बाहेर न्या, पण कडेवर. ओढणीची झोळी करून मी तिला रोज अर्धा तास फिरवलं. छत्री, सायकल, दाढीवाले आजोबा, काठी टेकत चालणाऱ्या आजी, लहान मुलांचा गोंगाट. ती फक्त बघायची, आणि घाबरली नाही की तिला खाऊचा एक दाणा. रोज तिच्या कानांत, बोटांच्या मध्ये आणि काखेत गोचीड शोधायचे, हेही तेव्हाच अंगवळणी पडलं. गोचिडाची थेंबाची औषधं वय आणि वजन बघूनच डॉक्टर देतात, मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून वापरायची नाही.

सतराव्या आठवड्यात वजन 7 किलो 400 झालं. त्या संध्याकाळी तिच्या चावायच्या दोरीवर रक्ताचा डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. हात थरथरत असतानाच ओठ वर केला, बोट दाबलं, मोजलं. गुलाबी. ओलसर. पुढच्या बाजूला एक छोटीशी फट. मुलगी सोफ्याखाली शिरली आणि तांदळाच्या दाण्याएवढा दुधाचा दात घेऊन बाहेर आली. आता तो वहीत आहे, चिकटपट्टीखाली, त्या दिवसाच्या वजनाशेजारी.