पंच नसलेली शर्यत

शिडाच्या बोटींच्या क्लब-शर्यतीत पाण्यावर सहसा पंच नसतो. सुरुवातीची आणि शेवटची रेषा सांभाळणारी समिती असते, वेळ सांगणारा भोंगा असतो. मधल्या सगळ्या अंतरात कोणाकडून नियम मोडला गेला, तर तो ज्याने मोडला त्यानेच मान्य करायचा आणि त्याची शिक्षाही स्वतःच, तिथल्या तिथे, बोटीची गोल गिरकी घेऊन भोगायची, अशी या खेळाची रीत आहे. सिडनीत राहायला गेल्यापासून तिथल्या पुष्कळ गोष्टी अंगवळणी पडल्या, काहींचा कंटाळाही आला. या एका रीतीने मात्र मला जे विचारात पाडले ते आजतागायत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेसाठी यंदा सोलापुरात आलो असताना हे एका मित्राला सांगितले. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे आणि व्यवहारात तो कोणाला सहजासहजी ऐकत नाही. त्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पकडणारं कोणीच नाही म्हणतोस, मग गिरक्या घेतो कशाला बे तो?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला नीट द्यायचे आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी जे पाहिले ते सांगतो. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा, सिडनीच्या बंदरात आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी कार्यालये सुटल्यावर छोट्या शर्यती होतात. अशाच एका शर्यतीत आमची बोट वळणाच्या बोयाला, म्हणजे जिला स्पर्श होऊ द्यायचा नसतो त्या पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला, अगदी खेटून वळत होती. वारा चांगला होता, बोट एका अंगावर कललेली होती आणि आम्ही चौघे-पाचजण वरच्या कडेवर पाय बाहेर सोडून बसलो होतो. बोया दुसऱ्या अंगाला होता, शिडाच्या आड होता. आमच्यापैकी कोणालाच तो दिसत नव्हता, आणि मागून येणाऱ्या बोटी इतक्या अंतरावर होत्या की त्यांनाही काही कळण्याची शक्यता नव्हती. मागच्या टोकाला दोर सांभाळत बसलेली एक कॉलेजातली मुलगी तेवढी त्या बाजूला होती. सुकाणू धरलेल्या बाईंनी मान न वळवता तिला विचारले, “लागला का?” ती म्हणाली, “हो, मागे घासला.” त्यावर बाईंनी एक शब्दही न बोलता बाकीच्या बोटींपासून दूर होत सुकाणू फिरवले. दोर सैल झाले, शिडे फडफडली, शिडाखालची आडवी दांडी डोक्यावरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली, बोट वाऱ्यात नाक घालून पुन्हा बाहेर आली आणि एक पूर्ण गिरकी घेऊन आम्ही पुढे निघालो. तेवढ्यात दोन बोटी आम्हाला ओलांडून गेल्या. शर्यत संपल्यावर धक्क्यावर चहा पिताना त्या प्रसंगाचा कोणी उल्लेखही केला नाही. खरे बोलल्याबद्दल त्या मुलीचे कोणी कौतुक केले नाही, आणि दोन क्रमांक गमावल्याबद्दल तिच्यावर कोणी डाफरलेही नाही. मला सर्वांत जास्त आश्चर्य याचेच वाटले.

नियम थोडक्यात असे आहेत. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीला डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीने वाट द्यायची. बोयाला स्पर्श झाला तर एक गिरकी. दुसऱ्या बोटीला वाट न दिल्यास दोन गिरक्या. समोरच्याने चूक मान्य केली नाही, तर ज्याचे नुकसान झाले त्याने ‘प्रोटेस्ट’ असे ओरडायचे, बोट 6 मीटर किंवा त्याहून लांब असेल तर लाल निशाण दाखवायचे, आणि किनाऱ्यावर आल्यावर समितीपुढे दोघांनी आपापली बाजू मांडायची. तिथे चूक सिद्ध झाली, तर ती शर्यतच साधारणपणे बाद होते. ही नियमावली ‘वर्ल्ड सेलिंग’ ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी सुधारून काढते आणि ऑलिंपिकपासून गल्लीतल्या क्लबपर्यंत बहुतांश तीच चालते.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. सिडनीतले आपले काही मराठी लोक याचे उत्तर फार सोपे करून टाकतात. “या लोकांच्या रक्तातच प्रामाणिकपणा आहे,” असे ते म्हणतात आणि पुढे आपल्याकडच्या रांगा, आपले रस्ते, आपले सिग्नल यांची उजळणी सुरू होते. मला हे बोलणे मनापासून खटकते, आणि ते खोटे आहे हे दाखवायला मला सोलापूरची बाजू घेण्याचीही गरज पडत नाही. 2013 साली अमेरिकाज कप या सर्वांत श्रीमंत स्पर्धेत अमेरिकेच्या ओरॅकल संघाने आधीच्या मालिकेतल्या छोट्या बोटींमध्ये नियमाबाहेर वजन घातल्याचे उघड झाले आणि मुख्य स्पर्धेत त्यांचे दोन गुण कापले गेले. (तरीही तो संघ पुढे 9-8 असा जिंकला.) त्याहून जुनी आणि जास्त विषण्ण करणारी गोष्ट 1968-69 सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतीची आहे. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती शर्यत होती. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इंग्रज अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि आपण जगाला वळसा घालत असल्याचे खोटे ठावठिकाणे रेडिओवरून कळवत राहिला. पुढे त्याची बोट रिकामी सापडली. तो कधीच परतला नाही. ती शर्यत पूर्ण करणारा एकमेव माणूस होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याने मिळालेले 5,000 पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. त्याची ‘सुहैली’ ही सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली होती, हे मी सिडनीत संधी मिळेल तेव्हा सांगतो आणि पुढेही सांगत राहीन.

तेव्हा हे रक्ताचे काम नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे हे शिक्षेच्या मापाचे काम आहे. बोयाला घासल्याची किंमत एक गिरकी आहे. ती लगेच देता येते, स्वतः देता येते, कोणाच्या पाया पडावे लागत नाही, आणि ती देऊन झाली की प्रकरण संपते. पुढच्या आठवड्यात कोणी ते उकरून काढत नाही. लपवण्याची किंमत मात्र अख्खी शर्यत आहे, आणि चारचौघांत गेलेला शब्द आहे. असा हिशेब समोर असला की साधा, मोहाला बळी पडू शकणारा माणूसही गिरकी घेतो. उलट जिथे लहानशी चूक कबूल केली की माणूस हेलपाट्यांत अडकतो, अर्ज, दंड, ओळखीपाळखी, ‘उद्या या’ आणि वर जन्मभराचा टोमणा, तिथे तो गप्प राहणार. आपल्या शाळांत आणि कार्यालयांत किती मुले-माणसे केवळ या भीतीने खोटे बोलायला शिकतात, याचा विचार मी हल्ली पुष्कळ करतो. माझ्या मित्राला हे पटले. त्याच्या कारखान्यात धागा तुटून माल खराब झाला की कामगार तो गठ्ठ्याच्या तळाशी का घालतात, हे त्याने आपण होऊनच मला सांगितले.

मदतीचा नियम मला याहूनही मोठा वाटतो. या नियमावलीतला अगदी पहिलाच नियम शर्यतीविषयी नाहीच; संकटात सापडलेल्या कोणत्याही माणसाला किंवा बोटीला शक्य ती सर्व मदत करणे बंधनकारक आहे, असे तो सांगतो. त्याला जोडून दुसरी तरतूद अशी आहे, की मदतीत गेलेल्या वेळेमुळे ज्याचा क्रमांक घसरला, त्याला समिती तो भरून देऊ शकते. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये, बुसानच्या समुद्रात, कॅनडाचा लॉरेन्स लेमियू आपल्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर असताना त्याला उलटलेल्या बोटीजवळ सिंगापूरचे दोन खेळाडू दिसले. त्याने शर्यत सोडून त्यांना वाचवले. पंचमंडळाने त्या शर्यतीत त्याला दुसराच क्रमांक दिला. एकूण क्रमवारीत तो अकरावा आला. पदक मिळाले नाही, तरी खिलाडूपणासाठीचे पिएर द कुबर्तीन पदक त्याला देण्यात आले.

आपल्या अभिलाष टॉमींच्या बाबतीतही हेच घडले. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार लागून ते जागचे हलू शकेनात. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅगकिनच्या बोटीच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या. तरी त्याने तात्पुरती काठी उभारून टॉमींच्या दिशेने जायला सुरुवात केली. ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने अखेर टॉमींना बाहेर काढले. पुढे हेच टॉमी 2022 च्या शर्यतीत उतरले आणि 2023 मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले. भारतीय म्हणून ऊर भरून यावा असेच हे आहे; आणि त्यांच्याही आधी, 2009-10 मध्ये, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे होते, हेही विसरता कामा नये.

नियम लिहिला म्हणून तो नेहमी पाळला जातो, असेही नाही. दरवर्षी 26 डिसेंबरला दुपारी एक वाजता सिडनीच्या बंदरातून होबार्टकडे 628 सागरी मैलांची शर्यत सुटते. आईबाबा सिडनीला आले होते तेव्हा त्यांना ती पाहायला घेऊन गेलो होतो. टेकडीवर माणसांचा गड्ड्यासारखाच लोट होता. 1998 साली या शर्यतीत 115 बोटी निघाल्या, वादळात सापडून केवळ 44 पोहोचल्या, सहा जण गेले आणि 55 जणांना समुद्रातून उचलावे लागले. त्या गोंधळात, मोडलेल्या एका बोटीजवळून दुसरी बोट न थांबता निघून गेली, आणि नंतरच्या चौकशीत त्यावर कठोर टीका झाली. त्यानंतर तिथे सुरक्षेचे नियम फार कडक झाले. आता बास सामुद्रधुनीत शिरण्याआधी ग्रीन केपजवळ प्रत्येक बोटीला, आपली बोट आणि माणसे पुढे जाण्यास योग्य आहेत, असे रेडिओवरून जाहीर करावे लागते. मी स्वतः होबार्टला गेलेलो नाही. किनाऱ्यालगतच्या रात्रभराच्या शर्यतीत मात्र गेलो आहे, आणि अंधारात कमरेचा पट्टा बोटीच्या दोराला अडकवून बसलेले असताना, लांबवर दिसणारा दुसऱ्या बोटीचा दिवा आपल्यासाठी वळण्यास बांधील आहे, याचा किती आधार वाटतो, ते मी अनुभवले आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, की पाहा, सोलापूर-पुणे महामार्गावर अपघात झाला की आपले लोक बघे होतात. मी ते मान्य करत नाही. लहानपणापासून मी उलटच पाहिले आहे. रिक्षावाला, भाजीवाला, शेजारचा गॅरेजवाला आधी धावतो. जो थबकतो तो निर्दय म्हणून नव्हे, पोलिसांचे जाबजबाब, इस्पितळातली अडवणूक आणि कोर्टाच्या तारखा यांच्या धास्तीने. ही धास्ती काढण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बंधनकारक ठरवले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम 134अ आले. म्हणजे मदत करणाऱ्याचे नुकसान होऊ द्यायचे नाही, हे तत्त्व आपल्याही कायद्यात आहे; ते किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र मला सोलापुरात ज्याला-त्याला विचारावासा वाटतो.

शिस्तीबद्दलही बाहेरून शिकवण घेण्याची गरज सोलापूरला नाही. गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज ठरलेल्या मानाच्या क्रमाने निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी त्या उंच, जड काठ्या कमरेवर तोलत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, आणि लाखभर लोकांच्या गर्दीत कोणी कोणाला मागे टाकू पाहत नाही. वाऱ्यात डोलकाठी सांभाळणाऱ्या माणसांना मी यंदाचे चित्रीकरण दाखवणार आहे.

घरी एक आक्षेप दरवेळी ऐकतो. जिथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, त्या गावच्या मुलाने पाण्यावरच्या श्रीमंती खेळात वेळ का घालवावा, असे मामा विचारतात. त्यांना मी सांगितले आणि इथेही सांगतो, की माझी स्वतःची बोट नाही. ती घेण्याची ऐपतही नाही. बोटी महाग असतात, पण त्यांना ओढायला, दोर सांभाळायला माणसे लागतातच, आणि क्लबांत अशा माणसांना फुकट नेतात. दोन हात आणि वेळ पाळण्याची सवय एवढ्यावर मी तिथे आहे.

समुद्र जवळ नाही, हीसुद्धा अडचण नव्हे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या बोटीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्याची मुलगी आहे आणि ती शिकली भोपाळच्या तलावावर. आपल्याला हैदराबाद जवळ आहे, आणि तिथे हुसेनसागरात मुलांना शिडाच्या छोट्या बोटी शिकवल्या जातात. ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची ती एकट्याने चालवायची बोट पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. माझा टॉवेलवाला मित्र सुताच्या कामासाठी महिन्या-दोन महिन्यांनी हैदराबादला जातोच. त्याचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला बरोबर नेऊन चौकशी करायची, असे आमचे ठरले आहे. फी, राहण्याची सोय आणि पोहणे किती यावे लागते, ही माहिती हाती आली की ती इथेच देईन.