नवाच्या आकड्याशी

दुपारी आडवा पडल्या पडल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली, तर सेकंदकाटा नवाच्या आकड्याशी घुटमळलेला. मनात म्हटलं, नेहमीचंच. नजर झर्रकन वळली की पहिला सेकंद लांबतोच. डोळा उडी मारतो तेवढ्यातलं धूसर दृश्य मेंदू गाळतो आणि ती भेग पुढच्या चित्राने बुजवून मोकळा होतो.

अशा वेळी मन कुठे जावं? माझं कृष्णविवराकडे जातं.

जबर गुरुत्वाकर्षणापाशी वेळ मंदावतो हे ऐकून कितीतरी वर्षं माझी समजूत अशी की, त्यात पडणाऱ्याचा वेळ पाकासारखा घट्ट होत जात असणार, एकेक विचार तासभर चालत असणार. साफ चूक. त्याचं घड्याळ, त्याची नाडी, त्याचा विचार, सगळं एकाच चालीने चालतं. मग मंदावलं म्हणायचं ते कशाशी ताडून? रेंगाळताना तो दिसतो लांबून बघणाऱ्याला. घटना क्षितिजापाशी, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेपाशी, हळू होत, तांबूस होत विझत जातो, पण आत गेलेला काही दिसत नाही. आणि तो स्वतः? केव्हाच आत. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर ४० लाखांहून जास्त सूर्यांच्या वजनाचं, तरी क्षितिज ओलांडल्यावर मध्यावर चिरडून जाण्याआधी हाताशी उरतं जास्तीत जास्त मिनिटभर. २०१९ मध्ये ज्याचं चित्र झळकलं ते एम-८७ दीर्घिकेतलं साडेसहाशे कोटी सूर्यांचं. तिथे दिवसाहून थोडा जास्त. एवढ्यात माणूस काय काय आठवेल?

लहानपणी मी झाडावरून पडलो होतो. त्या पडण्याला माझ्या हिशेबी अर्धी दुपार लागली. खोडावरची मुंग्यांची रांग, माझ्याआधी खाली निघालेली चप्पल, खाली उभ्या ताईचा उघडा राहिलेला आ, सगळं सावकाश, क्रमाने. ताईला विचारलं तर म्हणते, "कसलं सावकाश रे? धप्पकन पडलास!" म्हणजे कृष्णविवराच्या बरोब्बर उलट. पडणाऱ्याला लांबण, बघणाऱ्याला धप्प.

ताईची बाजू पुढे एका प्रयोगाने उचलून धरली. २००७ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या मनगटाला भराभर आकडे बदलणारं यंत्र बांधून त्यांना ३१ मीटरवरून जाळ्यात सोडलं. वेळ खरोखर मंदावला असता, तर आकडे वाचता आले असते. कुणाला आले नाहीत. तरी त्यांना आपलं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा लांबलचकच आठवलं, सरासरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. भीतीच्या वेळी आठवणी दाट साठतात, एवढंच. मुंग्यांच्या बाबतीत मी अजूनही माघार घेतलेली नाही.

खरी गंमत उभ्या माणसाची आहे. २०१० मध्ये दोन अतिअचूक घड्याळांपैकी एक जेमतेम ३३ सेंटिमीटर वर उचललं, तर तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी, म्हणून ते कणभर पुढे पळू लागलं. म्हणजे उभ्याने जगणाऱ्याचं डोकं पायांपेक्षा म्हातारं. (माझ्याकडे बघून हे पटतं.) त्यात पायाच्या अंगठ्याचा निरोप डोक्यात नाकाच्या निरोपानंतर पोचतो, तरी दोन्हीकडे एकदम टोचलं तर एकदमच टोचल्यासारखं वाटतं. मेंदू सगळ्यांसाठी थांबून मगच 'आता' म्हणत असावा. मग कृष्णविवराशी, जिथे पायांचा आणि डोक्याचा वेळ चांगलाच फाकतो, तिथे 'आता' कुणाचा धरायचा? लहानशा विवरापाशी पायांना ओढ डोक्याहून फारच जास्त, त्यामुळे तोवर दोघांची ताटातूट झालेली असेल, ही गोष्ट वेगळी.

पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. काटा अजून नवापाशीच, चढावर थरथरतोय. सेल संपलाय! बाराकडे चढायला जोर पुरत नाही आणि गुरुत्वाकर्षण त्याला तिथेच दाबून धरतंय. घरच्या घरी आणखी काय हवं?

उठलो, सेल बदलला, वेळ लावली आणि सवयीने सात मिनिटं पुढे केली. घरातले सगळे बघताना मनातल्या मनात सात वजा करतात, मीसुद्धा.