माटोळीची चौकट, तिसरा टप्पा : मेस्त, चारी, सुतार

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सात आठवड्यांवर आली. माटोळी म्हणजे आमच्या गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळांनी सजवलेली लाकडी चौकट. चौकटीतल्या बारा सांध्यांपैकी आठ बसले, चार राहिले. मापे पुन्हा देतो: ४ फूट बाय ३ फूट, लाकूड फणसाचे, पट्टी २ इंच रुंद आणि १ इंच जाड. आत लांबीच्या तीन पट्ट्या आणि रुंदीच्या चार. नारळ, तोरंजने, आंबाडे, सुपारीचे घोस, कवंडळे हा सगळा भार हिलाच पेलायचा आहे. म्हणून खिळ्यांवर न विसंबता प्रत्येक फुलीवर अर्धी-अर्धी खाच घेतो आहे. १ इंच म्हणजे ८ सूत. खाच ४ सूत खोल.

पहिले दोन सांधे सैल आले. पट्टी २ इंचांची, खाच भरली २ इंच १ सूत. रेघ बरोबर मारली होती, पण करवत रेघेवरूनच चालवली. करवतीचे दात लाकूड खातात, ते खाणे टाकाऊ बाजूला व्हायला हवे. मी ज्यांच्याकडे रविवारी शिकायला जातो त्या मेस्तांनी (आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात) खाचेवरून अंगठा फिरवला आणि रेघ राखून कापायला सांगितले: रेघ लाकडाची, करवतीची नव्हे. मग स्वतःची करवत माझ्या हाती दिली. "सवकास, मास्तर, सवकास." सैल सांध्यांत फणसाचीच पातळ पाचर चिकटवली. त्यानंतरचे सहा सांधे तळहाताच्या दाबाने बसले, मोगरी उचलावी लागली नाही.

ते मला मास्तर म्हणतात, कारण मराठी प्राथमिक शाळेत माझी एकतीस वर्षे गेली. मी त्यांना मेस्त म्हणतो, कारण सगळा गाव म्हणतो. या दोन हाका एकाच शब्दाच्या आहेत हे मला या महिन्यात कळले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मेस्त हा पोर्तुगीज 'मेस्त्रे'. त्याच्या मुळाशी लॅटिन 'माजिस्तेर', म्हणजे शिकवणारा, वडीलधारा. त्यातला 'माजिस' म्हणजे अधिक. त्याच लॅटिन शब्दाचा इंग्रजीत 'मास्टर' झाला आणि तो आपल्या शाळांत मास्तर म्हणून आला. एक शब्द इंग्रजी शाळेच्या वाटेने आला, दुसरा पोर्तुगीज कारखान्याच्या. मिस्त्री आणि सिंधुदुर्गात आडनाव होऊन बसलेला मेस्त्रीही याच घरचे. आशियातल्या भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा धांडोळा आसगावात जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फ दालगादांनी १९१३ साली छापला. आपल्या शेजारच्या गावातल्या माणसाने हे काम केले, याचा मला फार अभिमान वाटतो.

पोर्तुगालातल्या कारागिरांत तीन पायऱ्या असत: शिकाऊ तो 'आप्रेंदिज', काम येणारा तो 'ओफिसियाल', आणि दुसऱ्याला शिकवण्याइतका तयार झालेला तो 'मेस्त्रे'. म्हणजे हे मुळात लाकडाच्या कामाचे नाव नाही, पायरीचे आहे. शिंपी, चांभार, गवंडी कोणीही मेस्त्रे होऊ शकत असे. गोव्यात चर्चच्या शाळेत गाणे आणि व्हायोलिन शिकवणाऱ्यालाही हाच शब्द आहे.

आता दुसरे नाव. आमच्याकडे लाकूड, लोखंड, सोने घडवणाऱ्या घरांत चारी हे आडनाव पावलोपावली भेटते. ते 'आचारी', म्हणजे 'आचार्य'. तमिळ आणि मल्याळममध्ये सुताराला आसारी म्हणतात, तोही हाच शब्द. यास्काने निरुक्तात आचार्य शब्दाची फोड करताना 'आचारं ग्राहयति' म्हटले आहे: जो आचार घ्यायला लावतो तो. संस्कृतातून आलेले नाव आणि लॅटिनमधून आलेले नाव, दोन्ही शिकवणाऱ्याची, आणि दोन्ही गोव्यातल्या एकाच कारागिरापाशी येऊन थांबली. मला यापेक्षा सुंदर व्युत्पत्ती माहीत नाही.

सुतार मात्र वेगळा. अमरकोशात या कारागिराला तक्षा, वर्धकि, त्वष्टा, रथकार, काष्ठतक्ष अशी पाच नावे आहेत. तक्ष् धातूचा आपला 'तासणे' झाला, वर्धकीचा विदर्भातला 'वाढई'. यांपैकी एकातही सूत नाही. सुतार येतो सूत्रधारापासून: दोरी धरणारा. भोजाच्या अकराव्या शतकातल्या वास्तुग्रंथाचे नावच 'समरांगणसूत्रधार' आहे. नाटकातला सूत्रधार आपल्याला लगेच आठवतो, पण ही दोरी लाकडावरचीही आहे. मागच्या टप्प्यात फळी चिरताना काव कालवलेल्या पाण्यात सूत भिजवले, दोन टोकांना ताणले, मध्ये चिमटीने उचलून सोडले. लाल रेघ उठली, चार फुटांत कुठेही न वाकलेली. रंधा, पटाशी, करवत नंतर येतात. आधी सूत.

हे सगळे मी मेस्तांना सांगितले तेव्हा ते पटाशीला धार लावत होते. ऐकून घेतले. मग म्हणाले की त्यांच्या वडिलांनी आपल्याला शिकवणाऱ्याला शेवटपर्यंत मेस्तच म्हटले, स्वतः कामे घेऊ लागल्यावरसुद्धा. तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःबद्दल हा शब्द कधी वापरलेला नाही. कोणी विचारले तर सुताराचे काम करतो म्हणतात. मेस्त ही समोरच्याने मारायची हाक आहे.

माझ्या वहीत आता पहिल्या पानावर 'आप्रेंदिज' लिहिले आहे, नावाच्या खाली, देवनागरीत.

पुढच्या रविवारी उरलेले चार सांधे, मग बाहेरच्या चौकटीचे चार कोपरे. दोरीची भोके कोपऱ्यापासून किती आत घ्यावीत हे ठरलेले नाही. मेस्त ३ इंच म्हणतात, मला ४ बरे वाटतात, कारण फणसाची पट्टी टोकाला चिरते. ज्यांनी माटोळी टांगली आहे त्यांनी आपले माप जरूर सांगावे.