रिजिड कार्बन ग्रॅव्हल सायकल घेताना वजनकाटा जरा बाजूला ठेवा

ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांची सायकल, आणि रिजिड म्हणजे सस्पेन्शन नसलेली. अशा सायकलवर खडीचे धक्के गिळतो तो टायर. कार्बन फ्रेम बारीक थरथर थोडीफार मारते, पण मोठा दगड आला की तिचा फारसा उपयोग नाही. म्हणून फ्रेम किती ग्रॅमची, याआधी तिच्यात किती रुंद टायर बसतो ते विचारायचं, आणि पुढचा-मागचा आकडा वेगवेगळा विचारायचा.

700सी (रोड बाइकच्या मापाच्या) चाकावर 45 मिमी बसला तर उत्तम. 40 ही माझ्या मते शेवटची पायरी. त्याखाली थांबणारी फ्रेम म्हणजे वेश बदललेली रोड बाइक. टायरवर छापलेल्या रुंदीवरही विसंबू नका. रिम रुंद असेल तर 45 चा टायर फुगून 46-47 भरतो, तेव्हा व्हर्निअर कॅलिपर लावून मोजलेलं बरं. दोन्ही बाजूंना निदान 4 ते 6 मिमी मोकळं राहायला हवं. नाही राहिलं तर चिखल आणि बारीक खडे चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांच्या) आतल्या अंगाला घासत राहतात. आधी रंग जातो, मग कार्बनचे थर.

हवेचं गणितही टायरच्या रुंदीवर चालतं. 75 किलोच्या माणसाने 45 मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे 27 आणि मागे 29 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) इथपासून सुरुवात करावी. दगडावर रिम ठक्कन आपटली तर 2 वाढवा, हाताला झिणझिण्या आल्या तर 2 कमी करा. टायरच 35 चा असेल तर खाली यायला वावच उरत नाही.

आता वजन. रिजिड कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) साधारण 400 ते 500 ग्रॅमचा असतो, तर ग्रॅव्हलसाठीचा 30-40 मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) सस्पेन्शन फोर्क 1,200 च्या पुढे जातो. खरी बचत ही. 1,000 ग्रॅमची फ्रेम की 1,200 ची, हा फरक अर्ध्या भरलेल्या बाटलीपेक्षा कमी आहे. शिवाय कॅटलॉगमधला आकडा बऱ्याचदा मधल्या मापाच्या, कधी कधी तर रंग न दिलेल्या फ्रेमचा असतो. तेवढेच पैसे हलक्या चाकांवर आणि चांगल्या टायरवर घाला.

‘पुढे वाटलं तर सस्पेन्शन लावू’ हा बेत मात्र आधीच तपासा. फोर्कची उंची 20 मिमीने वाढली की हेड अँगल, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा (हेडट्यूबचा) कोन, साधारण 1 अंशाने झुकतो आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्याचं बेअरिंग बसतं ती जागा, वर येते. फ्रेम त्या हिशेबाने बनवलेली नसेल तर सायकल चढावर पुढून भरकटते, आणि हेडट्यूबवर जादा ताण येतो तो वेगळाच.

सीटपोस्ट (सीटचा दांडा) गोल आणि 27.2 मिमीचा असलेला बरा. तो जाड पोस्टपेक्षा जास्त लवतो, आणि बदलायचा झाला तर कुठल्याही कंपनीचा चालतो. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा घ्या, म्हणजे बीएसए किंवा टी47 मापाचा. प्रेसफिटचं (आट्यांशिवाय दाबून बसवायच्या प्रकाराचं) छिद्र जरा जरी वाकडं असलं तरी धूळ गेल्यावर कुरकुर सुरू होते. हेडसेटमधून (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या संचातून) जाणाऱ्या केबल्स दिसायला छान, पण वरचं बेअरिंग बदलायला अनेकदा ब्रेकची नळी सोडून पुन्हा ब्लीड करावं (तेलातली हवा काढावी) लागतं. धुळीच्या सायकलीला बेअरिंग वारंवार लागतात, त्यामुळे हा थाट मला पटत नाही.

गिअर: पुढच्या चक्राला 40 दात, मागच्या सर्वात मोठ्या चक्राला 42. सामान लादणार असाल तर 38 आणि 44.

कार्बन सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा लेप) लावायची. क्लॅम्पवर छापलेला टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर), बहुतेकदा 5 एनएम (न्यूटन-मीटर), टॉर्क रेंचने द्यायचा. पोस्ट घसरतो म्हणून बोल्ट आवळत गेलात की एक दिवस पोस्ट चिरतो. घसरला तर पुसून नवी पेस्ट लावा, पोस्टचा व्यासही मोजा.

वापरलेली फ्रेम घेताना नाण्याने टकटक करून बघतात. आवाज अचानक बद्द झाला तर शंका घ्यावी. पण सांध्यांपाशी भिंत जाड असल्याने तिथे आवाज तसाही बदलतो. त्याहून महत्त्वाचं, फोर्क बाहेर काढायला सांगा. स्टिअररवर, म्हणजे फोर्कच्या वरच्या नळीवर, हँडल धरणाऱ्या स्टेमच्या क्लॅम्पखाली आणि क्राउनपाशी, म्हणजे जिथून फोर्कचे दोन पाय फुटतात तिथे, बोटाचं नख फिरवा. नख अडकलं तर तो फोर्क घेऊ नका, नव्या फोर्कची किंमत सौद्यातून वजा करा. आणि विकणारा फोर्क काढायला तयारच नसेल, तर दुसरी सायकल बघा.