मेट्रनबाईंचं मृत्युपत्र

परवा मेट्रनबाईंचे दीर ऑफिसात येऊन गेले. वारस प्रमाणपत्राचा अर्ज करायचाय म्हणाले. मी केस घेतली नाही. पण कायदा त्यांच्याच बाजूचा आहे, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

बाई लातुरात सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. विशीत नवरा गेला. तेरावं उरकून सासऱ्यांनी माहेरी आणून सोडलं. मग नर्सिंग, मग नोकरी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तीन दिवस त्या घरी गेल्या नव्हत्या. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. माझी मावशी त्याच वॉर्डात होती, म्हणून कळलं.

दोन खोल्यांचा फ्लॅट, अडतीस लाखांच्या ठेवी, चौदा तोळे सोनं आणि आईकडून वारसानं आलेली औसा तालुक्यातली एकरभर जमीन. ठेवीच्या पावत्यांची यादी त्यांनी टेम्परेचर चार्टसारखी रकाने पाडून आणली होती, मुदतीच्या तारखा लाल शाईत.

"सगळं भाचीला. पोरगी नर्सिंगलाच हाय," एवढंच म्हणाल्या.

मसुदा मी मन लावून केला. गट नंबर, चतुःसीमा, पाटल्यांचं वजन, डॉक्टरांचा दाखला, सगळं तीन पानांत. खाडाखोड नाही. गुरुवारी नोंदणी कार्यालयात गेलो तर सर्व्हर बंद. चार वाजेपर्यंत बाकावर बसलो. तिथल्या बाबूला लोकांचे दिवस वाया गेल्याचं काही वाटत नाही, तो विषय वेगळा.

बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, सही हितंच करून टाकू का?"

"रजिस्टर केलेलं बरं. सोमवारी येऊ," मी म्हणालो.

मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही. स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी सह्या केल्या, की झालं. माझे दोन्ही साक्षीदार समोरच्या टपरीवर चहा पीत होते.

रविवारी रात्री बाई गेल्या.

मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आधी नवऱ्याचे वारस येतात, तिचं माहेर नंतर. स्वतःच्या पगारातून केलेलं असलं तरी. नारायणीदेवीच्या खटल्यात 2009 ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. तिलाही सासरच्यांनी हाकललं होतं. गंमत बघा, आईची जमीन तेवढी माहेरी जाईल. बाईंनी जे कमावलं नव्हतं, ते.

ठेवींवर भाची नॉमिनी आहे. बँकेत तिला सांगितलं, पैसे तुमचेच. नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, मालक वारसच, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. ते मला सांगावं लागलं. पोरगी रडली नाही. तिनं मसुदा मागितला, तीनही पानं वाचली आणि विचारलं, "सही कुठं करायची होती?"

दिरांना मी विचारून पाहिलं, भाचीला बक्षीसपत्र लिहून देता का. सत्तरीचा माणूस, टोपी काढून हातात धरलेली. तसा वाईट वाटला नाही.

"पोरांना इचारून सांगतो," म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"वहिनी नोकरीला नेमक्या कोणत्या दवाखान्यात होत्या?"

मी चिठ्ठीवर लिहून दिलं.